दोन टक्क्यांचा हिशेब आणि उरलेल्या अठ्ठ्याण्णवचा

जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भिंतीवर, रुग्णवाहिकेच्या दारावर, गावातल्या शुद्ध पाण्याच्या प्लांटवर हल्ली एक पाटी हमखास दिसते. वर कंपनीचं नाव आणि खाली ‘सीएसआर निधीतून’ एवढे दोन शब्द. वाचणाऱ्याला त्यातून कळतं ते इतकंच, की कुठल्यातरी कंपनीनं मदत केली. ही मदत कंपनीच्या मर्जीवर असते की कायद्यानं करावीच लागते? रक्कम कोण ठरवतं? काम अर्धवट राहिलं तर जाब कुणाला विचारायचा? मुख्याध्यापक, सरपंच, बचतगटाच्या ताई यांच्या दारात हा पैसा येतो, पण त्यांना हे कुणी बसून समजावून सांगितलेलं नसतं. म्हणून या पैशाची वाट कारखान्याच्या ताळेबंदापासून गावाच्या पाटीपर्यंत सावकाश चालून पाहू. ही वाट नीट कळली की कंपनीच्या जबाबदारीतला किती छोटा भाग या पाटीवर मावतो, तेही आपोआप कळतं.

सुरुवात कायद्यापासून. कंपन्यांना नफ्याचा ठरावीक भाग समाजासाठी खर्च करायला लावणारं, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचं (सीएसआरचं) कलम १३५ हे कंपनी कायदा, २०१३ मध्ये आहे आणि ते १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. आदल्या आर्थिक वर्षात कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी रुपये किंवा जास्त असेल, किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा जास्त असेल, किंवा नक्त नफा ५ कोटी किंवा जास्त असेल, तर तिला हे कलम लागू होतं. तिन्ही अटी पुऱ्या व्हायला लागत नाहीत, एक पुरते. असा कायदा करणारा भारत हा जगातला पहिला देश, असं भाषणांत वरचेवर ऐकू येतं. ते खरं नाही. मॉरिशसनं २००९ मध्येच कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजासाठी बाजूला काढायला लावली होती. मात्र एवढ्या मोठ्या अर्थव्यवस्थेत, हजारो कंपन्यांवर असं बंधन घालण्याचं धाडस भारतानं केलं हे खरं, आणि ते मोलाचं आहे.

महाराष्ट्रात एक गोष्ट आधीच लक्षात ठेवलेली बरी. हा कायदा ‘कंपनी’ म्हणून नोंदलेल्या संस्थांसाठी आहे. सहकारी साखर कारखाना, सहकारी दूध संघ, नागरी सहकारी बँक या सहकार कायद्याखाली नोंदलेल्या संस्था, त्यामुळे त्यांना कलम १३५ लागू नाही. त्याच तालुक्यातला खासगी साखर कारखाना नफ्याची किंवा उलाढालीची मर्यादा ओलांडत असेल तर त्याला मात्र ते लागू होतं. ‘त्या कारखान्यानं शाळेला दिलं, मग आमच्या कारखान्यानं का नाही?’ हा प्रश्न गावोगाव विचारला जातो. नैतिकदृष्ट्या तो रास्त आहेच, पण कायद्याचं उत्तर दोन्ही ठिकाणी वेगळं येतं.

आता हिशेब. समजा, चाकणच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे. गेल्या तीन वर्षांत तिला अनुक्रमे ४०, ५० आणि ६० कोटींचा नफा झाला. तिन्हींची सरासरी ५० कोटी. त्याचे २ टक्के म्हणजे १ कोटी. या वर्षी कंपनीनं किमान एवढी रक्कम सीएसआरवर खर्च करायची. यात नफा धरायचा तो कर भरण्याआधीचा, आणि तो कायद्याच्या कलम १९८ मध्ये सांगितलेल्या पद्धतीनं काढायचा. परदेशातल्या शाखांचा नफा त्यातून वगळतात. सीएसआर लागू असलेल्या दुसऱ्या भारतीय कंपनीकडून मिळालेला लाभांशही वगळतात, नाहीतर एकाच नफ्यावर दोनदा २ टक्के लागले असते. दोन टक्के उलाढालीचे असतात असं अनेकांना वाटतं. तसं असतं तर आकडे कितीतरी फुगले असते. हे दोन टक्के नफ्याचेच आहेत, तेही तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे.

कंपन्या कर वाचवण्यासाठी हे करतात, असाही एक समज आहे. कामगारांचा पगार, कच्चा माल, वीजबिल हे धंद्याचे खर्च म्हणून उत्पन्नातून वजा होतात. सीएसआरचा खर्च तसा वजा करता येणार नाही, हे आयकर कायद्यात २०१४ मध्येच स्पष्ट करण्यात आलं. तेव्हा कराच्या फायद्यावर बोट ठेवून सगळ्या कामाकडे संशयानं पाहण्यात अर्थ नाही.

हा १ कोटी कुठे खर्च करायचा ते कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं. त्यासाठी संचालकांची सीएसआर समिती असते. खर्चाची रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर वेगळी समिती नसली तरी चालतं, मंडळच ते काम करतं. समिती वर्षाचा कृती आराखडा मांडते: कोणते प्रकल्प, कुणाकडून करून घ्यायचे, पैसे कोणत्या टप्प्यांत द्यायचे, देखरेख कशी ठेवायची. हे प्रकल्प कायद्याच्या सातव्या अनुसूचीतल्या विषयांत बसावे लागतात. भूक आणि कुपोषण, आरोग्य, स्वच्छता, पिण्याचं पाणी, शिक्षण, रोजगाराची कौशल्यं, स्त्री-पुरुष समानता, पर्यावरण, वारसा आणि कला, माजी सैनिक, खेळ, ग्रामविकास, झोपडपट्टी विकास, आपत्ती व्यवस्थापन, पंतप्रधानांचा मदतनिधी, अशी ती यादी आहे. यादी मोठी आहे आणि तिचा अर्थ सैलपणे लावावा असं सरकारनंच सांगितलेलं आहे. कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या गावात काम करायचं, हा निर्णय सरकार देत नाही. त्यामुळे जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज दिला म्हणजे सीएसआर मिळतो, असं नाही. प्रस्ताव कंपनीकडे किंवा तिच्या वतीनं काम करणाऱ्या संस्थेकडेच जावा लागतो.

काय चालत नाही, ते जास्त बारकाईनं पाहायला हवं. कंपनीच्या रोजच्या धंद्याचा भाग असलेलं काम सीएसआरमध्ये धरता येत नाही. कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं काम चालत नाही. राजकीय पक्षाला दिलेली देणगी चालत नाही. स्वतःच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेली प्रायोजकता चालत नाही. मॅरेथॉन, पुरस्कार समारंभ, टीव्हीवरच्या कार्यक्रमाचं प्रायोजकत्व असे एकेकटे कार्यक्रमही चालत नाहीत. गोदामात पडून असलेला माल वाटून त्याची किंमत खर्चात दाखवता येत नाही, कारण कायद्याला पैशाचा प्रत्यक्ष खर्च अपेक्षित आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, दुसऱ्या कुठल्याही कायद्यानं जे करणं बंधनकारकच आहे, ते सीएसआर नव्हे. कारखान्यानं सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प बसवला, तर तो प्रदूषण नियंत्रणाच्या कायद्यानं बसवायचाच होता. प्लास्टिकच्या वेष्टनात माल विकणाऱ्या कंपनीनं तेवढा कचरा गोळा करून त्याची विल्हेवाट लावायची, हे प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांनीच तिच्यावर टाकलेलं काम आहे. पर्यावरण मंजुरीच्या अटीनुसार लावलेली झाडंही यात मोडत नाहीत. ही ओळ आखून कायद्यानं फार शहाणपणाचं काम केलं आहे. स्वतः केलेली घाण निस्तरणं हे कर्तव्य, त्याला दानाचा दर्जा नाही.

आता आपला १ कोटी कंपनीतून बाहेर पडतो. कंपनी काम स्वतः करू शकते, किंवा ट्रस्ट, नोंदणीकृत संस्था, ना-नफा कंपनी यांच्यामार्फत करून घेऊ शकते. बाहेरच्या संस्थेला अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो, आयकराची १२ए आणि ८०जी ही नोंदणी लागते, आणि १ एप्रिल २०२१ पासून ‘सीएसआर-१’ हा अर्ज केंद्र सरकारकडे ऑनलाइन भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्या अर्जावर सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंटची सही असते. गावात एखादी संस्था ‘आम्ही सीएसआर आणून देतो’ म्हणत आली, तर पहिल्यांदा हा क्रमांक विचारावा. ज्यांच्याकडे तो आहे ते लगेच सांगतात.

इथे एका गैरसमजाबद्दल थांबून सांगायला हवं, कारण त्याचा फटका चांगल्या संस्थांना बसतो. नियमांत प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे. अनेक कंपन्यांचे अधिकारी संस्थेला सांगतात, की पगार, प्रवास, हिशेबनीस, सगळं मिळून ५ टक्क्यांत बसवा. नियम तसं म्हणत नाही. ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण खर्चावर आहे. आपल्या उदाहरणात ती ५ लाख रुपये होते. एखादा प्रकल्प आखणं, राबवणं, त्यावर देखरेख ठेवणं, त्याचं मूल्यमापन करणं यांचा थेट खर्च या मर्यादेत धरायचाच नसतो. कुपोषणाच्या कामात घरोघर जाऊन बाळाचं वजन करणारी कार्यकर्ती हाच तो प्रकल्प असतो, तिचा पगार वरखर्च कसा होईल? इमारतीला पैसे मिळतात आणि माणसाला मिळत नाहीत, हे सीएसआरच्या कामात सगळीकडे दिसतं, आणि त्याच्या मुळाशी बऱ्याचदा या एका नियमाचं चुकीचं वाचन असतं.

माणूस वगळून फक्त वस्तू दिली की काय होतं, ते पाण्याच्या प्लांटवरून चांगलं समजतं. गावात क्षार जास्त, विंधनविहिरीचं पाणी मचूळ, म्हणून कंपनीनं आरओ प्लांट द्यायचं ठरवलं. पत्र्याची किंवा सिमेंटची खोली, त्यात पंप, वाळूचा आणि कोळशाचा फिल्टर, मग मेम्ब्रेनच्या नळ्या, बाहेर नाणं टाकायचा किंवा कार्ड दाखवायचा खांब. उद्घाटनाला आमदार येतात, ५ रुपयांत २० लिटरचा जार भरतो, सगळे खूश. पहिलं वर्ष चांगलं जातं. मग फिल्टर चोंदतो. कच्चं पाणी जड असेल तर मेम्ब्रेन दोन-तीन वर्षांत बदलावं लागतं, आणि तो खर्च किरकोळ नसतो. दर महिन्याचं वीजबिल येतं. प्लांट चालू-बंद करायला, टाकी धुवायला, नाण्यांचा हिशेब ठेवायला रोजचा एक माणूस लागतो. शुद्ध पाणी निघतं त्याच्या जोडीला क्षार साठलेलं बरंचसं पाणी बाहेर टाकलं जातं. ते कुठे सोडायचं हे आधी ठरलेलं नसेल तर ते खोलीमागेच साचतं. वीजबिल थकलं की महावितरण जोडणी तोडतं, आणि ‘सीएसआर निधीतून’ ही पाटी बंद दारावर राहते.

यात कुणी पैसे खाल्लेले नसतात. प्रकल्प कागदावर पूर्ण असतो, फोटो असतात, खर्चाचा दाखला असतो. चूक झालेली असते ती आखणीत. खरेदीचा खर्च धरला, चालवण्याचा धरला नाही. हाच प्लांट बचतगटाकडे चालवायला दिला, जारच्या पैशातून वीजबिल आणि मेम्ब्रेनसाठी दरमहा ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाकली, पहिली तीन वर्षं संस्थेचा माणूस महिन्यातून एकदा येऊन पाण्याची तपासणी आणि हिशेब बघतो अशी तरतूद केली, की तो टिकतो. कायद्यात याला जागाही आहे. ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केलेलं काम सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षं चालवता येतं. तरी कंपन्या एका वर्षात संपणारी कामं निवडतात, कारण ती मार्चअखेर वहीत बंद होतात.

प्लांट, खोली, रुग्णवाहिका अशी कायमची मालमत्ता तयार झाली तर ती कंपनीच्या नावावर राहू शकत नाही, हा २०२१ च्या दुरुस्तीचा नियम आहे. ती नोंदणी क्रमांक असलेल्या धर्मादाय संस्थेच्या, लाभार्थींच्या बचतगटासारख्या समूहाच्या किंवा ग्रामपंचायतीसारख्या सार्वजनिक संस्थेच्या मालकीची असावी लागते. कंपनीच्या वार्षिक अहवालात या मालमत्तेचा पत्ता, पिनकोड, तारीख, रक्कम आणि नोंदणीकृत मालकाचं नाव द्यावं लागतं. म्हणजे आपल्या गावच्या प्लांटचा मालक कागदोपत्री कोण आहे, हे कुणालाही पाहता येतं. अनेकदा मालक ग्रामपंचायत असते आणि त्या वेळच्या सदस्यांना ते माहीतच नसतं.

वर्ष संपलं आणि १ कोटीतले ३० लाख उरले, तर? पहिली काही वर्षं कायदा म्हणत होता, खर्च करा किंवा का झाला नाही ते सांगा. कारण सांगून मोकळं होता येत असे. जानेवारी २०२१ पासून तसं राहिलं नाही. उरलेली रक्कम चालू प्रकल्पाची असेल तर ३० एप्रिलपर्यंत बँकेत वेगळ्या खात्यात ठेवायची आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत त्याच कामावर संपवायची. चालू प्रकल्प नसेल तर ३० सप्टेंबरपर्यंत सातव्या अनुसूचीत सांगितलेल्या सरकारी निधीत भरायची. नाही भरली तर कंपनीला त्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी, यात जे कमी असेल तेवढा दंड, आणि जबाबदार अधिकाऱ्यावर रकमेच्या एक दशांश किंवा २ लाख, यात जे कमी असेल ते. मधे २०१९ मध्ये तुरुंगवासाची तरतूद कायद्यात आणली होती, ती लागू होण्याआधीच काढून टाकली. ते बरं झालं. तुरुंगाच्या भीतीनं पैसे कुठेही ओतले गेले असते.

दंडाच्या भीतीचा एक परिणाम मात्र आत्ताही दिसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये कंपन्यांचे फोन येतात, आठ दिवसांत प्रस्ताव द्या, पंधरा दिवसांत खर्च दाखवा. अशा घाईत संगणक, सायकली, दप्तरं वाटणं सोपं. पाणलोटाचं काम, किशोरवयीन मुलींच्या आरोग्याचं काम, शाळेतल्या वाचनाचं काम आठ दिवसांत आखता येत नाही. जून-जुलैमध्येच कंपनीकडे पोहोचलेल्या आणि गावाची नेमकी गरज आकड्यांनी मांडणाऱ्या प्रस्तावाला म्हणूनच जास्त वजन असतं.

देशभरात या वाटेनं किती पैसा जातो? २०१४-१५ मध्ये सुमारे १० हजार कोटी रुपये खर्च झाले होते, २०२२-२३ मध्ये ते सुमारे ३० हजार कोटींवर गेले. राज्यांत सगळ्यात मोठा वाटा महाराष्ट्राचा असतो, विषयांत शिक्षण आणि आरोग्याचा. आकडा डोळे दिपवणारा वाटला तरी मापात पाहावा. एकट्या महाराष्ट्र सरकारचा वर्षाचा अर्थसंकल्प सहा लाख कोटींच्या पुढे असतो. सरकारी शाळा आणि आरोग्य केंद्रं सीएसआरवर चालतील, ही कल्पना डोक्यातून काढून टाकलेली बरी. या पैशानं नवा प्रयोग करता येतो, एखादी फट बुजवता येते. सरकारची जागा तो घेऊ शकत नाही.

वाटपही सारखं नाही. कंपनीनं आपल्या कामकाजाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असं कायद्यात लिहिलं आहे. ते बंधनकारक नाही, दिशादर्शक आहे, हे सरकारनं २०२१ मध्ये स्पष्ट केलं. तरी सवय तीच राहते. जिथे कारखाने आणि मुख्यालयं, तिथे पैसा. मुंबई-पुण्याला ओघ जातो. नंदुरबार, गडचिरोली, वाशीम, धाराशिव हे राज्यातले चार जिल्हे केंद्रानं विकासात मागे पडलेले, सरकारी भाषेत ‘आकांक्षित’, म्हणून निवडले, पण तिथे मोठे उद्योग मोजकेच, आणि उद्योग नाहीत म्हणून सीएसआरही तोकडा. शेजारच्या गावाला मदत करणं चांगलंच आहे. पण कंपनीचा ग्राहक नंदुरबारच्या धडगावातही असतो आणि नफ्यात त्याचेही पैसे असतात, हे संचालकांनी आराखडा करताना आठवायला हवं.

मोठ्या कंपन्यांना कामाचा परिणाम त्रयस्थाकडून तपासून घ्यावा लागतो. गेल्या तीन वर्षांत सरासरी १० कोटी किंवा अधिक सीएसआर लागू असलेली कंपनी आणि १ कोटी किंवा अधिक खर्चाचा, पूर्ण होऊन वर्ष उलटलेला प्रकल्प, अशी ती अट. आपली चाकणची कंपनी त्यात बसत नाही. तिच्या कामाचा परिणाम तपासणारं कुणी असलं तर ते गावच.

इथपर्यंत आपण नफ्याच्या दोन टक्क्यांबद्दल बोललो. उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के, आणि तो सगळा नफा ज्या पद्धतीनं मिळवला गेला ती पद्धत, याबद्दल कलम १३५ एक शब्द बोलत नाही. सीएसआरचं काम जवळून पाहणाऱ्यांना हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचते. एखादी कंपनी दोन टक्क्यांतून नदीकाठी झाडं लावते आणि तिच्याच कारखान्यातून नदीत काय जातं, हे अहवालाच्या दुसऱ्या भागात असतं. तो भाग कुणी वाचत नाही.

तो भाग वाचता येतो. शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून दरवर्षी ‘व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल’ देणं बाजाराची नियामक संस्था सेबीनं बंधनकारक केलं आहे. उद्योगजगतात त्याला बीआरएसआर म्हणतात. तो वार्षिक अहवालातच असतो आणि कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. पानं बरीच असतात, पण सगळी वाचायची गरज नसते. काही तक्ते शोधून काढले की पुरतं.

पहिला तक्ता माणसांचा. कायम कामगार किती आणि कायम नसलेले किती, हे त्यात वेगवेगळं द्यावं लागतं, स्त्री-पुरुषांचे आकडेही वेगळे. कारखान्यात दहा माणसांतली सात कंत्राटी असतील तर ते इथे दिसतं. पुढे किमान वेतनाइतकाच पगार किती जणांना आणि त्याहून जास्त किती जणांना, स्त्रियांच्या आणि पुरुषांच्या पगाराचा मध्य किती, वर्षभरात कामावर किती अपघात झाले, किती मृत्यू झाले, लैंगिक छळाच्या किती तक्रारी आल्या आणि किती निकाली निघाल्या, हेही असतं. शाळेला दिलेल्या संगणकांच्या फोटोपेक्षा कंपनी कशी आहे, हे या तक्त्यावरून जास्त कळतं.

दुसरा तक्ता पाण्याचा. नदी, विंधनविहीर, नळ, टँकर यांपैकी कुठून किती पाणी उचललं, किती वापरलं, किती सोडलं आणि सोडण्याआधी त्यावर काय प्रक्रिया केली. कारखाना पाणीटंचाईच्या भागात असेल तर त्या जागेचे आकडे वेगळे मागितलेले असतात. मराठवाड्यातल्या वाचकानं हे पान आधी उघडावं.

या तक्त्यात एक जागा आहे जिथे वाचणारा हमखास फसतो. पाणी, वीज, धूर यांचे आकडे दोन तऱ्हांनी दिलेले असतात: एकूण, आणि दर रुपयाच्या उलाढालीमागे. समजा, एका कंपनीची उलाढाल पाच वर्षांत दुप्पट झाली आणि पाणी दीडपट लागायला लागलं. दर रुपयामागचा वापर चौथ्या हिश्शानं घटला. अहवालाच्या पहिल्या पानावर ‘पाण्याच्या वापरात २५ टक्के घट’ असं छापून येईल, आणि त्यात एक अक्षरही खोटं नसेल. पण विहिरीतून उपसा दीडपट झालेला आहे, आणि पाण्याची पातळी उपशानं खाली जाते. तेव्हा एकूण आकडा आधी वाचायचा, मागच्या वर्षाचा शेजारीच दिलेला असतो तोही पाहायचा. मग दर रुपयामागचा.

यातल्या निवडक बाबी, म्हणजे हरितगृह वायू, पाणी, ऊर्जा, कचरा, कामगारांची सुरक्षितता, स्त्रियांचा सहभाग वगैरे नऊ गोष्टी, सेबीनं २०२३ मध्ये वेगळ्या काढल्या. सर्वांत मोठ्या १५० कंपन्यांपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्यानं त्यांची बाहेरच्या तपासनिसाकडून पडताळणी करून घ्यायची, असं ठरलं. ही पडताळणी जितकी कडक होईल तितका हा अहवाल कामाचा. ज्या कंपन्या शेअर बाजारात नोंदलेल्या नाहीत त्यांना तो लागू नाही, आणि ही या व्यवस्थेतली मोठी उणीव आहे. आपल्या औद्योगिक वसाहतींतले बहुसंख्य कारखाने तसेच आहेत.

नफा कमावण्याच्या पद्धतीतच जबाबदारी असते, हे आपल्या उद्योगात नवं नाही. जमशेदपूरच्या टाटा पोलाद कारखान्यानं १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस सुरू केला. त्या वेळी त्यांना तसं सांगणारा कायदा देशात नव्हता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर कारखान्याबरोबर कामगारांची वसाहतही उभी केली. आजच्या कलम १३५ च्या तक्त्यात यातलं काही बसलं नसतं, कारण फायदा कर्मचाऱ्यांचा होता. तरीही जबाबदार उद्योग कसा असतो, असं कुणी विचारलं तर मी आधी ही उदाहरणं सांगेन.

तुमच्या गावात, शाळेत किंवा संस्थेत असा निधी येणार असेल, तर कराराची एक प्रत ग्रामपंचायतीत किंवा शाळा व्यवस्थापन समितीत ठेवायला सांगा. मालमत्ता कुणाच्या नावावर होणार, चालवण्याचा खर्च किती वर्षं आणि कोण देणार, बंद पडलं तर कुणाला कळवायचं, हे त्या करारात लिहिलेलं आहे का ते स्वतः वाचा. लिहिलेलं नसेल तर सही करण्याआधी लिहून घ्या. कंपनीनं मंजूर केलेल्या प्रकल्पांची यादी तिच्या संकेतस्थळावर असते, आणि राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर कंपनीनिहाय, राज्यनिहाय खर्च दिसतो. आणि कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिच्या बीआरएसआरमधलं पाण्याचं आणि कामगारांचं पानही काढून बघा. निधी घ्यायला हरकत नाही, तो हक्कानं घ्यावा. पण कंपनीचा माणूस समोर बसला असताना त्या दोन पानांवरचे प्रश्नही विचारा.